पवित्र शास्त्र अचूक मानणे म्हणजे नेमके काय मानणे?

नंदुरबारची वाचक

प्रभू येशूच्या नावात सर्वांना सलाम. मी नंदुरबारमधील एका मंडळीत संडे स्कूलच्या मोठ्या मुलांचा वर्ग घेते. सध्या आम्ही शमुवेलाची पुस्तके वाचत आहोत. अकरावी सायन्सच्या एका मुलाने दावीद राजाने केलेल्या शिरगणतीचे दोन वृत्तांत शेजारी शेजारी मांडून दाखवले. २ शमुवेल २४ मध्ये परमेश्वराचा कोप भडकून त्याने दावीदाला शिरगणतीस प्रवृत्त केले असे आहे, तर १ इतिहास २१ मध्ये तेच काम सैतानाने केले असे आहे. पहिल्या ठिकाणी इस्राएलचे योद्धे आठ लाख आणि यहूदाचे पाच लाख भरतात, दुसऱ्या ठिकाणी अकरा लाख आणि चार लाख सत्तर हजार. पुढे वेदीसाठी यबूसी माणसाचे खळे विकत घेतले जाते, त्याची किंमत एकीकडे रुप्याचे पन्नास शेकेल आणि दुसरीकडे सोन्याचे सहाशे शेकेल सांगितली आहे.

हे दोन लेखक वेगळ्या काळात, वेगळ्या हेतूने लिहीत होते, एवढेच मी वर्गात सांगितले. ते मंडळीतील एका वडीलधाऱ्या बंधूंच्या कानावर गेले. शास्त्रात एक जरी चूक मानली तर सगळेच शास्त्र कोसळते, आणि उत्पत्तीतील सहा दिवस चोवीस तासांचेच होते असे जो मानत नाही त्याने मुलांना शिकवू नये, असे त्यांचे म्हणणे पडले. माझे सासर भुसावळचे आणि कॅथॉलिक आहे. तिथे हा विषय निघाला तेव्हा दीर म्हणाले, “हा मूलतत्त्ववाद आहे, ही मूळ ख्रिस्ती शिकवण नव्हे.”

दोन्ही बाजूंना आपलेच मत जुने आणि मूळचे वाटते, याचे मला नवल वाटते. वेगवेगळ्या मंडळ्या शास्त्राच्या अधिकाराविषयी प्रत्यक्षात काय मानतात, आणि त्या बंधूंची भूमिका खरोखर किती जुनी आहे, हे अभ्यासकांनी सांगावे. केवळ धीर देणारे उत्तर नको.

तापीकाठ (अमळनेर)

ताई, आपल्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. शास्त्र देवप्रेरित आणि सत्य आहे ही श्रद्धा जुनीच आहे. ती कॅथॉलिकांचीही आहे, ऑर्थोडॉक्सांचीही आणि प्रोटेस्टंटांचीही. परंतु तिला मूलतत्त्ववाद हे नाव ज्या चळवळीमुळे मिळाले, ती विसाव्या शतकातील अमेरिकेची आहे. कॅलिफोर्नियातील तेलाचे व्यापारी लायमन स्टुअर्ट आणि त्यांचे बंधू यांच्या पैशावर १९१० ते १९१५ या काळात ‘द फंडामेंटल्स’ या नावाने नव्वद निबंध बारा भागांत छापले गेले आणि पाळक, मिशनरी, शिक्षक यांना फुकट पाठवले गेले. जर्मन विद्यापीठांतून आलेली शास्त्रचिकित्सा चमत्कार, कुमारीजन्म आणि पुनरुत्थान यांनाच नाकारू लागली आहे, ही त्यामागची चिंता होती, आणि ती निराधार नव्हती. पुढे १९२० मध्ये कर्टिस ली लॉज या बाप्टिस्ट संपादकाने अशा विश्वासासाठी लढणाऱ्यांना ‘फंडामेंटलिस्ट’ म्हटले ते गौरवाने; ते दूषण नंतर झाले.

आता आपल्या बंधूंना जे ठाऊक नसावे ते सांगतो. त्या निबंधांच्या लेखकांत स्कॉटलंडचे जेम्स ऑर होते. शास्त्राच्या प्रेरणेचा त्यांनी हिरिरीने कैवार घेतला, पण बारीकसारीक तपशिलाच्या अचूकतेवर सगळा विश्वास टांगणे धोक्याचे आहे असे त्यांचे स्पष्ट मत होते, आणि सृष्टीचे दिवस दीर्घ कालखंड असू शकतात हेही त्यांना मान्य होते. प्रिन्स्टनचे बेंजामिन वॉरफील्ड हे मूळ हस्तलेखांच्या अचूकतेचे सर्वांत कसलेले समर्थक. तरीही पृथ्वी किती जुनी आहे याचे त्यांना भय नव्हते. १९०९ मध्ये निघालेल्या आणि मूलतत्त्ववादी घराघरांत पोहोचलेल्या स्कोफील्ड बायबलच्या टिपांत उत्पत्तीच्या पहिल्या दोन वचनांच्या मध्ये अतिप्राचीन काळाला जागा ठेवलेली होती. शाळेत उत्क्रांती शिकवल्याबद्दल १९२५ मध्ये टेनेसीत चाललेल्या खटल्यात ज्यांनी उत्क्रांतीविरोधी बाजू मांडली आणि ज्यांची पुढे टिंगल झाली, त्या विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनीही उलटतपासणीत कबूल केले की ते दिवस चोवीस तासांचेच असतील असे ते मानत नाहीत. चोवीस तासांच्या दिवसांचा आग्रह इव्हँजेलिकल मंडळ्यांत मोठ्या प्रमाणावर पसरला तो १९६० नंतर. दिवस साधे दिवसच होते असे मानणारे पूर्वीही पुष्कळ होते आणि सोळाव्या शतकातील धर्मसुधारक ल्यूथर त्यांपैकीच होते, हे खरे. पण तेवढ्यावरून एखाद्याला शिकवण्यास अपात्र ठरवणे मूलतत्त्ववादाच्या आरंभीच्या पुढाऱ्यांनाही पटले नसते.

धर्मसुधारकांविषयी एक गोष्ट राहिली. याच ल्यूथर यांनी केवळ शास्त्रच प्रमाण म्हटले आणि त्याच माणसाने १५२२ च्या आपल्या नव्या कराराच्या भाषांतरात याकोबाच्या पत्राला कमी लेखून शेवटाकडे सरकवले. कॅल्व्हिन उत्पत्तीच्या भाष्यात म्हणतात की खगोलशास्त्रज्ञांच्या मते शनी चंद्राहून मोठा आहे आणि ते बरोबरच आहे, परंतु मोशेने सामान्य माणसाच्या डोळ्यांना दिसते तसे लिहिले. शास्त्राचा अधिकार मानणारी ही माणसे आपल्या आजच्या वादात कोणत्या बाजूला बसवावीत, हे मला तरी सांगता येणार नाही.

साक्री रोड (धुळे)

तापीकाठ सरांनी दिलेला इतिहास बरोबर आहे, पण त्यातून अचूकतेचा सिद्धान्तच नवा ठरतो असा कोणी अर्थ काढू नये. मी तो सिद्धान्त मानतो, आणि तो मानणाऱ्यांविषयी इंटरनेटवर जे लिहिले जाते ते वाचून अनेकदा वाटते की टीकाकारांनी आमचे मूळ निवेदन उघडूनही पाहिलेले नाही.

ते निवेदन म्हणजे १९७८ चे शिकागो निवेदन. शास्त्राची अचूकता केवळ आध्यात्मिक विषयांपुरती मर्यादित नाही, इतिहासाच्या बाबतीतही ते खरे आहे, असे ते ठामपणे सांगते. पण त्याच निवेदनाचे तेरावे कलम सांगते की गोळाबेरीज संख्या, अतिशयोक्ती, निसर्गाचे दिसते तसे वर्णन, समांतर वृत्तांतांत वेगवेगळ्या तपशिलांची निवड आणि आधुनिक काटेकोरपणाचा अभाव यांमुळे अचूकतेला बाध येत नाही. दहावे कलम सांगते की अचूकता मूळ हस्तलेखांची आहे, नंतरच्या नकलांची नव्हे. संख्या नकलताना चुकतात हे पोथ्या हाताळलेल्या कोणालाही ठाऊक असते.

आता शिरगणती घ्या. रुप्याचे पन्नास शेकेल खळे आणि बैल यांसाठी दिले असे शमुवेल म्हणतो. सोन्याचे सहाशे शेकेल ‘जागे’साठी दिले असे इतिहासकार, म्हणजे १ इतिहास या पुस्तकाचा लेखक, म्हणतो, आणि ती जागा म्हणजे पुढे जिथे मंदिर उभे राहिले तो सगळा परिसर. योद्ध्यांच्या मोजणीत उभे सैन्य धरले की नाही, यावरून आकडे बदलू शकतात. देव आणि सैतान यांच्याविषयी ईयोबाचे पुस्तक उघडावे: सैतान आघात करतो, पण देवाच्या परवानगीने. यांतली प्रत्येक जुळणी मला सारखीच भक्कम वाटते असे नाही. संख्यांची सर्वांत कच्ची आहे. पण उत्तर आज हाती नाही एवढ्यावरून लेखक चुकला असा निकाल देण्याची मला घाई नाही.

आणि ताई, आपल्या त्या वडीलधाऱ्या बंधूंना एकोणिसावे कलम अवश्य दाखवा. अचूकतेची कबुली तारणासाठी आवश्यक नाही, असे ते स्पष्ट म्हणते. अर्थात ती नाकारल्याचे परिणाम गंभीर होतात असेही पुढच्याच वाक्यात आहे, आणि ते वाक्य गाळून पहिलेच दाखवू नये ही विनंती.

भुसावळ पॅरिश वाचक

कॅथॉलिक बाजू थोडक्यात मांडतो, कारण ‘तुम्ही लोक बायबलपेक्षा पोपला मानता’ हे वाक्य रेल्वे कॉलनीत लहानपणापासून ऐकत आलो आहे.

१८९३ च्या परिपत्रकात तेराव्या लिओ पोपनी शास्त्रात कोणतीही चूक असू शकत नाही असे म्हटले होते, तेव्हा आमच्याकडेही सगळे काही सैल होते असे नाही. १९४३ मध्ये बाराव्या पायस पोपनी अभ्यासकांना प्राचीन लेखनप्रकार लक्षात घेण्यास सांगितले, आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ च्या ‘देई वर्बुम’ या दस्तऐवजात आजची भूमिका मांडली: देवाने आपल्या तारणासाठी जे सत्य पवित्र ग्रंथांत नोंदवले जावे अशी इच्छा केली, ते सत्य हे ग्रंथ निश्चितपणे, विश्वासूपणे आणि चुकीविना शिकवतात. ‘तारणासाठी’ या शब्दाने अचूकतेची व्याप्ती कमी होते की केवळ तिचा हेतू सांगितला जातो, यावर आमच्या पंडितांत आजही मतभेद आहेत. १९९३ मध्ये पोपच्या बायबल आयोगाने मूलतत्त्ववादी वाचनाविषयी फार कडक शब्द वापरले. असे वाचन माणसाला एक प्रकारच्या बौद्धिक आत्महत्येकडे बोलावते, असे तो आयोग म्हणाला. माझ्या मते ते शब्द अनावश्यक धारदार होते. साक्री रोड भाऊंसारख्या माणसाला ते लागू पडत नाहीत.

खरा फरक अन्यत्र आहे. शास्त्र कोणते, हेच मंडळीने ठरवले असे आम्ही मानतो. आमच्याकडे ७३ पुस्तके आहेत, तुमच्याकडे ६६. ऑर्थोडॉक्सांची यादी आणखी थोडी मोठी आहे, आणि तेही शास्त्राला जिवंत परंपरेच्या आतच वाचतात. त्यामुळे एक आकडा चुकला तर सगळे कोसळेल ही भीती आमच्या घरात फारशी शिरत नाही. आमचे घर एकाच खांबावर उभे नाही. उलट आमच्या पद्धतीचा दोष असा की सामान्य माणूस फादरांवर सोपवून मोकळा होतो आणि शास्त्र उघडत नाही. या बाबतीत माझ्या भावजयीच्या माहेरचे लोक आमच्यापेक्षा चांगले आहेत. (होय, प्रश्नात उल्लेख आलेला दीर मीच. घरी जे एका वाक्यात झटकून टाकले ते इथे नीट लिहितो आहे.)

नवापूरचा पाळक

आमच्या नंदुरबार जिल्ह्यातील अनेक मंडळ्या विसाव्या शतकाच्या आरंभी आलेल्या स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनच्या कामातून उभ्या राहिल्या. याच मिशनचे नाव १९४९ मध्ये दि इव्हँजेलिकल अलायन्स मिशन झाले. अमेरिकेत ज्या वर्षांत हा लढा पेटला होता, त्याच वर्षांत तेथील इव्हँजेलिकल मंडळ्यांचे मिशनरी आमच्या आजोबा-पणजोबांना शिकवत होते. म्हणून त्या वडीलधाऱ्या बंधूंचा आग्रह आकाशातून पडलेला नाही. तो त्यांना सुवार्तेसोबतच मिळाला, आणि ज्यांनी शाळा आणि दवाखाने दिले त्यांच्याकडून मिळाला. त्यात कृतज्ञताही मिसळलेली असते. ताई, त्यांच्याशी बोलताना हे ध्यानात ठेवा.

परंतु गावांतील अनुभव मला वेगळेच सांगतो. आमच्याकडे अनेक वृद्ध विश्वासणारे अक्षर वाचत नाहीत. मावची आदिवासी घरांत शास्त्र कानांनी ऐकले जाते आणि पाठ केले जाते. दोन वृत्तांत शेजारी शेजारी ठेवण्याचा प्रश्न ऐकणाऱ्याला पडत नाही, तो छापील पान समोर असणाऱ्याला पडतो. तरीही शास्त्राचा अधिकार त्यांच्या आयुष्यावर माझ्यापेक्षा अधिक चालतो असे मी पाहिले आहे. दारू सोडायची की नाही, बांधावरच्या भांडणात भावाला क्षमा करायची की नाही, डाकीण ठरवलेल्या बाईच्या दारी जायचे की नाही, या ठिकाणी वचन प्रमाण मानले जाते. अचूकतेच्या निवेदनावर सही करून बायकोला मारणारा माणूस शास्त्राचा अधिकार मानतो असे मी म्हणणार नाही.

साक्री रोड (धुळे)

पाळक साहेबांचे शेवटचे वाक्य मान्य. पण जो मुलगा अकरावीत आहे आणि ज्याच्या हातात छापील पान आहे, त्याला ‘आचरण महत्त्वाचे’ एवढे सांगून भागणार नाही. त्याने प्रश्न सत्याचा विचारला आहे. दावीदाने खळे विकत घेतलेच नसेल तर क्षमेचे वचनही कोणाच्या तरी कल्पनेतले नाही कशावरून, हा त्याचा पुढचा प्रश्न असेल.

तापीकाठ (अमळनेर)

तो प्रश्न रास्त आहे, म्हणून त्या मुलासोबत दोन्ही अध्याय शेवटपर्यंत वाचावेत असे सुचवतो. शमुवेलातील कथा शिरगणतीची शिक्षा म्हणून आलेली मरी थांबते तिथे संपते. इतिहासकार मात्र यहुद्यांच्या बाबेलमधील बंदिवासानंतर, मंदिर पुन्हा उभे राहिलेल्या काळात लिहितो आहे, आणि त्याची कथा २२ व्या अध्यायाच्या पहिल्या वचनात या जागेला परमेश्वराचे मंदिर म्हणण्यापर्यंत जाते. सहाशे म्हणजे पन्नासाची बारापट. इस्राएलच्या बारा वंशांपैकी प्रत्येकाकडून पन्नास, असा अर्थ जुन्या यहुदी भाष्यकारांनीही लावला होता. ही जागा साऱ्या इस्राएलाची आहे, हे इतिहासकाराला त्या आकड्यातून सांगायचे असावे, असे मला वाटते. भाऊ तिथे विस्तृत परिसराची किंमत पाहतात. खळे विकत घेतले गेले याविषयी आम्हा दोघांत वाद नाही. लेखकाला आकड्यातून काय सांगण्याची मुभा होती यावर आहे.

ताई, वर्गात दोन्ही उत्तरे सांगा आणि कोणती कोणाची आहेत तेही सांगा. बंधूंशी बोलण्यापूर्वी आपल्या मंडळीची घटना आणि विश्वासनिवेदन मागून घ्या. शास्त्र देवप्रेरित आणि अंतिम प्रमाण आहे असे त्यात बहुधा असेल. दिवस चोवीस तासांचे मानणे शिक्षकास बंधनकारक आहे असेही त्यात लिहिले आहे का, ते नीट पाहा, आणि नसेल तर पंच मंडळींसमोर तेवढेच विनयाने दाखवा.