एसजी२ च्या जपानी सुरीला धार लावायला दगड कुठला घ्यावा?

ठाणेकर_खवय्या:
मंडळी, भाऊ जपानात असतो, तो येताना एचिझेनची (तिथला सुऱ्यांसाठी नावाजलेला भाग) एक ग्युतो, म्हणजे जपानी शेफची सुरी, घेऊन आला, 210 मिमी, एसजी२ स्टील, कडकपणा 63 एचआरसी (रॉकवेल मापावर). बरेच दिवस काही बघावं लागलं नाही पण आता टोमॅटोच्या सालीवरून घसरायला लागलीये. घरात हार्डवेअरच्या दुकानातला काळा दोन बाजूंचा दगड आहे, विळी त्यावर मस्त पाजवून निघते पण ही सुरी घासायचा धीर होत नाही. नेटवर अर्धे म्हणतात पावडर स्टील (धातूची पूड दाबून बनवलेलं) आहे, डायमंडशिवाय हात लावू नका, अर्धे म्हणतात शॅप्टन कंपनीचा 1000 ग्रिटचा दगड (ग्रिटचा आकडा जितका मोठा तितका दगड बारीक) घ्या नि गप्प बसा. आईचं वेगळंच, खाली सायकलवर धारवाला येतो त्याला दे म्हणते. एकच दगड घ्यायचा तर कुठला? फार तर दोन.

भोसरी_टूलरूम:
धारवाल्याला ही सुरी अजिबात देऊ नका. कोरडं चाक, धारेचं टोक एवढं पातळ, तिथे तापलं की टेंपर (स्टीलला तापवून दिलेला कडकपणा) गेलाच.

आता दगडाचं. लोक एचआरसी बघून दगड ठरवतात तिथेच गडबड होते. आमच्याकडे डी२ पण ग्राइंडिंगला येतं आणि टी१५ पण, दोन्ही टूल स्टीलं. रॉकवेलवर दोघांत थोडाच फरक, पण टी१५ आलं की ऑपरेटरचं तोंड वाकडं होतं, साधं चाक भराभर झिजतं. कारण त्यातलं 5 टक्के व्हॅनेडियम. चिक्कीत गूळ नि दाणे असतात ना तसं स्टीलमध्ये कार्बाइडचे (क्रोमियम, व्हॅनेडियमसारखा धातू नि कार्बन मिळून बनलेले) टणक दाणे असतात, एचआरसी म्हणजे सगळ्या चिक्कीचा मिळून आकडा, एकेक दाणा किती टणक ते त्यात कळत नाही. क्रोमियम कार्बाइड विकर्सवर (टणकपणाचं दुसरं माप) साधारण 1500 च्या आसपास, अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड (बहुतेक सिंथेटिक वॉटरस्टोनमध्ये, म्हणजे पाणी लावून वापरायच्या दगडांत, हेच) 2000 च्या थोडं वर, आणि व्हॅनेडियम कार्बाइड 2800 च्या घरात. म्हणजे क्रोमियमवाला दाणा वॉटरस्टोनने कापला जातो, व्हॅनेडियमवाला नाही, नुसता आजूबाजूचा गूळ घासला जातो.

एसजी२ मध्ये क्रोमियम 15 टक्क्यांच्या आसपास आणि व्हॅनेडियम 2 च. चांगला वॉटरस्टोन पुरेल. एस९०व्ही स्टीलची असती, 9 टक्के व्हॅनेडियम, तर सरळ डायमंड म्हटलं असतं.

नागोयाची_शुभदा:
+१. माझ्याकडे एसजी२ चीच पेटी आहे, म्हणजे पेटी नावाची छोटी सुरी, डबा नव्हे 😄 शॅप्टन कुरोमाकू 1000, तो नारिंगी, त्यावर छान धार येते. वरून पाणी शिंपडायचं नि सुरू, बादलीत भिजत घालायचा नाही, आणि वापरून झाला की उन्हात नको, सावलीतच वाळवा. वर फार तर 2000. 5000 वर घासून आरशासारखी चकाकते खरी पण टोमॅटो-मिरचीच्या सालीला थोडा खरखरीतपणाच बरा, माझं तरी असं मत आहे, सुशीवाले भांडतील.

तुमचा काळा दगड बहुतेक सिलिकॉन कार्बाइडचा असेल. कापेल तो, टणकच असतो, पण विळी पाजवून मधे खोलगट झाला असेल तर कोन सांभाळणं मुश्कील.

माहीमचा_बल्लव:
एवढा विचार कशाला करताय लोकहो. 400 आणि 1200 अशा दोन डायमंड प्लेट घ्या, एसजी२ असो नाहीतर उद्या काहीही येवो, सगळं कापतात, खोलगट होत नाहीत, ओट्यावर चिखल नाही. आमच्या किचनमध्ये दगड वाळवायला जागा कुठे आहे? फक्त नवीन प्लेट सुरुवातीला फार ओरखडे काढते, तेव्हा आधी जुन्या चाकूवर रुळू द्या आणि दाब देऊ नका. डायमंडवर दाब देणारे लोक प्लेटच टकली करून टाकतात.

ठाणेकर_खवय्या:
बल्लव, हे पण पटतंय, आता आणखी गोंधळ 😅 भोसरीवाले दादा, तुमच्याकडे सीबीएनची (क्यूबिक बोरॉन नायट्राइड, हिऱ्याखालोखाल टणक) चाकं असतील ना, मग हाताने घासायला डायमंड का चालतो? आणि भाऊ पुढच्या वेळी एचएपी४० स्टीलची सुरी आणू का विचारतोय.

भोसरी_टूलरूम:
मशीनवर तापमान प्रचंड चढतं, त्यात डायमंडमधला कार्बन लोखंड खाऊन टाकतं, म्हणून स्टीलला सीबीएन. हाताने एवढं तापतच नाही.

एचएपी४० हे हायस्पीड स्टील, टंगस्टन-मॉलिब्डेनमवालं, व्हॅनेडियम 3 टक्क्यांच्या आसपास, पुन्हा स्टेनलेस नाही, लिंबू कापून तशीच ठेवली तर डाग पडणार. वॉटरस्टोनवर होते, वेळ लागतो. तिथे बल्लव म्हणतात ते जास्त खरं.

मी तुमच्या जागी असतो तर कुरोमाकू 1000 आणि एक 400 ची डायमंड प्लेट. रोजचं काम दगडावर, टवका उडाला तर आधी प्लेटवर, आणि त्याच प्लेटने दगड सपाट. सपाट करताना पाणी भरपूर घ्या नाहीतर सुटलेली कणी प्लेटचेच हिरे उखडते. दगडावर पेन्सिलने चौकड्या आखा, सगळ्या पुसल्या गेल्या की सपाट झाला.

नागोयाची_शुभदा:
आणि धारेवर मार्कर फिरवून मग घासा, शाई कुठे जाते त्यावरून कोन कळतो, एका बाजूला 15 अंशाच्या आसपास. बर (धारेवर दुमडून येणारी धातूची बारीक कड) आली की शेवटी अगदी हलक्या हाताने बाजू बदलत घासायचं. स्टीलचा गोल रॉड मात्र या सुरीला लावू नका, 63 वर टवके उडतात. नारळ, हाडं, फ्रीझरमधलं काहीही, हे सगळं विळीकडेच राहू दे.