पहिलं स्वतःचं ग्लायडर: 1973चं स्टँडर्ड सिरस घ्यावं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी मूळची पुण्याची, सध्या श्टुटगार्टजवळ राहते. लहानपणी हडपसरला आत्याकडे गेले की गच्चीतून ग्लायडिंग सेंटरची ग्लायडरं, म्हणजे बिनइंजिनाची विमानं, बघत बसायचे. ते वेड इथे येऊन पुरं केलं. गेल्या ऑगस्टमध्ये लायसन्स हातात आलं. आजवर 46 तास, 140 उड्डाणं. शिकले एएसके 21 या दोन आसनी ग्लायडरवर, आता क्लबचं एक आसनी के 8 उडवते.

अडचण अशी, की रविवारी के 8 ला रांग असते. माझी पाळी येईपर्यंत चार वाजतात, तोवर थर्मल (ग्लायडरला वर उचलणारे गरम हवेचे झोत) मंदावलेले असतात. सिल्व्हर सी या ग्लायडिंगच्या बिल्ल्यासाठी सलग पाच तास हवेत राहायचंय आणि 50 किलोमीटरचं उड्डाण करायचंय. बाकीचे ताटकळत असताना क्लबचं ग्लायडर एवढा वेळ अडकवून ठेवणं मला जमत नाही. म्हणून स्वतःचं जुनं घ्यावं म्हणते. बजेट ट्रेलरसकट (ग्लायडर ठेवायचा आणि वाहून न्यायचा बंद गाडा) 10,000 युरो.

आधी 'का 6' नावाचं एक लाकडी ग्लायडर पाहिलं. दिसायला देखणं, पण त्या काळच्या काउरिट गोंदाचे सांधे दमट हवेने सुटतात असं ऐकलंय, आणि माझ्याकडे गॅरेजही नाही. दुसरं अ‍ॅस्टिर सीएस, दणकट आणि नवख्याला सांभाळून घेणारं, पण त्याचा पंख उचलताना माझा जीव गेला. जीव अडकलाय तो तिसऱ्यात, स्टँडर्ड सिरसमध्ये. मागताहेत 9,500. एकूण 2,870 तास झालेत. कॉकपिटमध्ये बसले आणि सगळं हाताशी आलं, जणू माझ्याच मापाचं.

आता खटकलेल्या गोष्टी. पंखाच्या वरच्या बाजूला नख फिरवलं की बारीक रेघा लागतात. टॉर्च तिरपा धरला तर पंखाच्या मुळापासून एअरब्रेकपर्यंत (उतरताना पंखातून वर येणारी रोधक पट्टी) त्या स्पष्ट दिसतात. शेतात जोरात उतरल्याने शेपटीकडची नळी तडकली होती, 2009 साली दुरुस्त केली. त्याची कागदपत्रं आहेत. आणि कॉकपिटमधल्या पाटीवर पायलटचं किमान वजन 70 किलो लिहिलंय. मी 57 किलोची, पॅराशूट साधारण 7 किलोचं.

शिशाची उशी घेऊन बसलं तर चालेल का? त्या रेघा किती गंभीर? आणि इतक्या कमी तासांवर सिरस झेपेल का? ज्यांनी जुनं ग्लायडर घेतलंय त्यांनी कृपया मनमोकळं लिहा.

प्रतिसाद 1

ताई, इंग्लंडमध्ये वीस वर्षं ग्लायडिंग शिकवतोय, म्हणून थोडं स्पष्ट लिहितो.

सगळ्यात आधी वजन. पायलट हलका असला की गुरुत्वमध्य मागे सरकतो. स्टिक (ग्लायडर चालवायचा दांडा) अति हलकी होते आणि स्पिनमधून, म्हणजे गरगरत खाली पडण्यातून, बाहेर येणं अवघड होतं. सिरसचं आडवं शेपूट अख्खंच हलतं, त्यामुळे ते मुळातच हाताला नाजूक. विंचवर (दोर ओढून ग्लायडर वर चढवणारं जमिनीवरचं यंत्र) एएसके 21 सारखी स्टिक ओढलीत तर नाक झटकन वर जाईल. सुटी उशी अजिबात नको, घसरली तर स्टिक अडवेल. शिसं बोल्टने पक्कं बसवून घ्या, आणि तेही तपासनिसाला विचारूनच.

पण त्याआधी एक बघा: ग्लायडरचं शेवटचं वजन कधी केलंय? दुरुस्तीत शेपटीकडे काही शे ग्रॅम जरी वाढले, तरी तिथून चाकापर्यंतचं अंतर मोठं, म्हणून पुढे कित्येक किलोंचा फरक पडतो. वजनपत्रक 2009च्या आधीचं असेल तर त्या 70 वर विसंबू नका.

दुसरं, 2,870 तास. 3,000 तासांना मोठी तपासणी लागते. भरपूर उडालात तर दोन-तीन हंगामांत ती वेळ तुमच्यावर येईल. किंमत ठरवताना हे बोलाच.

रेघा फक्त जेलकोटमध्ये (वरचा गुळगुळीत कडक थर) आहेत की खाली काचतंतूत उतरल्यात, हे तुमच्या तपासनिसाकडून बघून घ्या, विकणाऱ्याच्या नव्हे. संपूर्ण जेलकोट नव्याने चढवणं म्हणजे शेकडो तासांचं काम. बाहेर करून घेतलंत तर ग्लायडरच्या किमतीएवढा खर्च येईल. टोस्ट कंपनीचा, ओढायचा दोर अडकवायचा हुक दर 2,000 उड्डाणांनी उघडून दुरुस्त करावा लागतो, त्याची नोंद मागा. रेडिओ 8.33 किलोहर्ट्झ अंतराच्या चॅनेलचा आहे ना?

46 तासांवर सिरस अशक्य नाही. पण आधी एखाद्या मित्राच्या एएसडब्ल्यू 19 वर चार-पाच उड्डाणं करून मगच बसा.

प्रतिसाद 2

ट्रेलर पाहिलात का? आमचा जुना ट्रेलर आतून घामेजायचा, दोन हिवाळ्यांत पंखांवर बुरशी आली. आणि सिरसचे एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या), एअरब्रेक दर वेळी पंख जोडताना हाताने जोडायचे असतात. रोज सकाळी एकाने स्टिक धरायची, दुसऱ्याने एलेरॉन बाहेरून दाबून बघायचा. कितीही घाई असो, हे चुकवू नका.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. दादा, तुमचं वाचून लगेच फाइल उघडली. वजनपत्रक 2004चं आहे! आज संध्याकाळी विकणाऱ्यांना फोन केला, नव्याने वजन करून द्यायला तयार झाले, खर्च अर्धा अर्धा. शनिवारी आमच्या क्लबचे तपासनीस सोबत येताहेत. ट्रेलरच्या तळाला दोन जागी पाणी साचल्याचे डाग होते, ते मी साधी घाण समजले होते. तेही दाखवते.

एएसडब्ल्यू 19 आमच्याकडे नाही, एलएस 4 हे दुसरं एक आसनी ग्लायडर आहे. त्यावर सराव केला तर सिरससाठी उपयोग होईल का?