सपोर्ट टीमसाठी ऑटोमेशन: चॅटबॉटच्या आधी काय?

सांगलीकर_आयटी
नमस्कार मंडळी. मी एका सहकारी बँकेच्या आयटी सपोर्टला आहे. पाच जणांची टीम, तीसेक शाखा. सोमवारी शाखा उघडायच्या आत फोन सुरू: अकाउंट लॉक झालंय, पासबुक प्रिंटर अडलाय, शाखेची नेटवर्क लिंक गेली. पोरं दिवसभर तेच तेच निस्तरतात आणि सर्व्हरची कामं रात्रीवर जातात. वरून आता चॅटबॉट घ्यायचं घाटतंय. तिकिटांसाठी, म्हणजे तक्रारींच्या नोंदींसाठी, जीएलपीआय हे सॉफ्टवेअर आहे. सुरुवात कुठून करू?

रात्रपाळी
चॅटबॉट आत्ता नको. समोर रांग लागलेली असताना कॅशियर बॉटशी टाइप करत बसणार नाही, फोनच उचलणार. आधी मागच्या तिमाहीची बंद तिकिटं एक्सेलमध्ये काढा, प्रकारानुसार पिव्होट लावा. कशाचा ढीग मोठा आहे ते लगेच कळेल.

लॉकबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तिथे बहुतेक टीम अनलॉकची स्क्रिप्ट लावून मोकळ्या होतात. तिकीट झटक्यात बंद, दुपारी तोच माणूस पुन्हा लॉक. त्यापेक्षा डोमेन कंट्रोलरच्या (सगळ्यांचं लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरच्या) सिक्युरिटी लॉगमधला इव्हेंट ४७४० पकडा, ती अकाउंट लॉक झाल्याची नोंद असते. चुकीचा पासवर्ड कुठल्या मशीनवरून आला, ते त्यात 'कॉलर कॉम्प्युटर नेम'खाली असतं. पीडीसी एम्युलेटरवर (कंट्रोलरांपैकी मुख्य भूमिका असलेल्यावर) डोमेनभरचे लॉकआउट सापडतात, त्यामुळे प्रत्येक कंट्रोलर धुंडाळायला नको. पॉवरशेलच्या (विंडोजच्या कमांड भाषेच्या) छोट्या स्क्रिप्टने ते नाव उचला आणि जीएलपीआयच्या एपीआयमधून (दुसऱ्या प्रोग्रामने जोडून घ्यायच्या सोयीतून) थेट तिकिटात टाका. पोराने तिकीट उघडलं की कारण समोर: दुसऱ्या काउंटरवर उघडं राहिलेलं सेशन, क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये पडून असलेला जुना पासवर्ड, नाहीतर एखादं शेड्यूल्ड टास्क. तिथे मेल सर्व्हरचं नाव दिसलं तर त्या माणसाचा मोबाइल आधी बघा, त्यातल्या मेलमध्ये जुना पासवर्ड राहिलेला असू शकतो.

आणि साहेबांना 'किती तिकिटं बंद केली' हा आकडा देणं थांबवा. तीच तक्रार आठवड्यात परत आली का, ते दाखवा. पोरांची मेहनत त्यातच दिसते.

नेटवर्कवाली
लिंकसाठी झॅबिक्स हे नेटवर्कवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर लावा, लायसन्सचा खर्च नाही. पण ट्रिगर डिपेंडन्सी, म्हणजे कुठला अलर्ट कुठल्यावर अवलंबून आहे ते, पहिल्याच दिवशी बांधा. शाखेचा राउटर गेला की मागच्या प्रत्येक मशीनचा वेगळा अलर्ट येतो, आणि त्या गर्दीत हेड ऑफिसच्या डिस्कचा अलर्ट कुणी वाचत नाही. डिपेंडन्सी असली की फक्त राउटरचा येतो.

अपडेट ढकलायचं ऑटोमेशन मात्र टप्प्याटप्प्यानेच: आधी आपल्या टीमची मशीन, मग एक शाखा, मग बाकीच्या. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल एकदम सगळीकडे गेली आणि सुमारे ८५ लाख विंडोज मशीन कोसळली. कित्येक मशीनपाशी माणसाला प्रत्यक्ष जाऊन सेफ मोडमध्ये ती फाइल काढावी लागली. तीस शाखांत पाच जण कुठे कुठे धावणार?

सांगलीकर_आयटी
दोघांचेही आभार. ४७४० आजच बघतो. प्रिंटरचंही असंच करता येईल का? आणि स्क्रिप्टला डोमेन अ‍ॅडमिन, म्हणजे डोमेनवरचे पूर्ण अधिकार, द्यावे लागतील?

रात्रपाळी
डोमेन अ‍ॅडमिन अजिबात देऊ नका, बँक आहे. वेगळं सर्व्हिस अकाउंट करून 'इव्हेंट लॉग रीडर्स' गटात घाला, लॉग वाचायला तेवढं पुरतं.

प्रिंटर काउंटरच्या मशीनलाच जोडलेला असेल तर स्पूलर (प्रिंटची रांग सांभाळणारी विंडोजची सेवा) थांबवणं, स्पूल फोल्डर रिकामं करणं, स्पूलर परत सुरू करणं एका स्क्रिप्टमध्ये बसतं. सामायिक प्रिंट सर्व्हरवर ती चालवू नका, रांगेतली सगळ्यांचीच कामं पुसली जातील.