अनुभव धागा : घरची भाषा, घरची परिस्थिती आणि मुलांचे शिकणे

धाग्याचे निमंत्रण

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करण्याचा हुकूम काढला. त्याच्याही आधी, १९०१ पासून, कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी राहू लागली होती. फी माफ केल्याने मूल शाळेच्या दारापर्यंत येते, पण आत टिकण्यासाठी त्याच्या राहण्याजेवण्याची सोय लागते, हे या गावाला शंभर वर्षांपूर्वीच ठाऊक होते. आज याच जिल्ह्यातील वर्गांत कन्नड, तेलुगू, गोरमाटी (बंजारा समाजाची बोली), भोजपुरी, ओडिया बोलणारी मुले बसतात आणि त्यांच्यापैकी पुष्कळांच्या वाट्याला ‘अभ्यासात कच्चा’ एवढाच शेरा येतो. हे कच्चेपण भाषेचे की परिस्थितीचे, हे ज्यांनी जवळून पाहिले किंवा स्वतः भोगले, त्यांनी येथे सविस्तर लिहावे. शाळांची आणि व्यक्तींची नावे कृपया टाळावीत.

निवृत्त प्राथमिक शिक्षिका, इचलकरंजी

माझी बहुतेक नोकरी यंत्रमाग कामगारांच्या वस्तीतील शाळांत झाली. सुरुवातीच्या काळात वर्गात घरी कन्नड किंवा तेलुगू बोलणारी मुले असत. त्यांच्या आईवडिलांना कामावर आणि बाजारात मराठीची सवय झालेली असल्यामुळे ती मुलांच्याही कानावरून गेलेली असे. पुढे उत्तर प्रदेश आणि बिहारमधून आलेल्या कुटुंबांची मुले वाढली. ही मुले थोड्याच महिन्यांत मैदानावर मराठीतून भांडू लागतात आणि तेथेच शिक्षकांची फसगत होते, कारण भांडणापुरती भाषा आली म्हणजे परिसर अभ्यासातले ‘बाष्पीभवन’ समजण्याइतकी आली, असे आपण धरून चालतो. जिम कमिन्स या कॅनडातील अभ्यासकांनी या दोहोंमधले अंतर दाखवून दिले आहे : रोजच्या बोलण्याची भाषा साधारण दोन वर्षांत येते, पाठ्यपुस्तकाची भाषा यायला मात्र पाच ते सात वर्षे लागू शकतात. तोवर आमच्याकडील प्राथमिक शाळा संपत आलेली असते.

आता घरची बाजू सांगते. इचलकरंजीत माग बारा-बारा तासांच्या पाळ्यांत चालत. रात्रपाळी करून आलेले वडील दिवसा त्याच एका खोलीत झोपलेले आणि आई कांड्या भरायला गेलेली, अशा घरात मुलाला मोठ्याने वाचता येत नाही. पहिली-दुसरीतले वाचन तर मोठ्यानेच पक्के होते. मराठी घरातले मूल अडखळले की आजी भाकरी थापता थापता त्याला सुधारून देते. या मुलांना आवाज काढण्याची मुभाही नसते आणि चूक ऐकणारे कुणी घरात नसते. म्हणून आम्ही काही शिक्षिकांनी शाळा सुटल्यावर व्हरांड्यातच मोठ्याने वाचायची वेळ ठेवली. त्याने सगळे प्रश्न सुटले असे म्हणणार नाही, पण वाचनात मागे पडलेली अनेक मुले तेथेच सावरली. शिकवणी लावा, असा सल्ला देण्यापेक्षा हे स्वस्त होते.

लेखापाल, मूळ गडहिंग्लज तालुक्याचा पूर्व भाग

आमचे घर कन्नड आणि शाळा मराठी. पाढे, बेरजा, वजाबाक्या यांत मी वर्गात पुढे असे, परंतु शाब्दिक उदाहरण आले की माझी पाटी कोरी राहायची. ‘प्रत्येकी’, ‘पैकी’, ‘उरलेले’ असे शब्द आले की करायचे काय हेच कळत नसे आणि माझे गणितच कच्चे आहे अशी समजूत होऊन बसली होती. चौथीत सीमाभागातून आलेले एक गुरुजी लाभले. त्यांनी तेच उदाहरण कन्नडमध्ये सांगितले आणि माझे उत्तर बरोबर आल्यावर पुढच्या तासाला मलाच ते इतर कन्नडभाषक मुलांना समजावून सांगायला लावले.

तरीही भाषेला फार दोष देऊ नये, असे माझे मत आहे. आमच्याकडे थोडी बागायती शेती होती, वडील शिकलेले होते, त्यामुळे मी मागे पडलो तरी मला सावरायला वेळ मिळाला. माझ्याच बाकावर बसणारा, घरी तीच भाषा बोलणारा शेतमजुराचा मुलगा सातवीनंतर शाळेत दिसला नाही. भाषेची अडचण दोघांची सारखीच होती.

परिचारिका, कोल्हापूर, बालपण ऊसतोडीच्या टोळीबरोबर

दादा, तुमचे म्हणणे मला अर्धेच पटते. आम्ही बीड जिल्ह्यातील एका तांड्यावरचे, घरात गोरमाटी बोलणारे. मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, फेडण्यासाठी दिवाळीच्या आसपास टोळी कोल्हापूरकडे निघायची आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळपाचा हंगाम संपेपर्यंत, आमचा मुक्काम खोपीत असायचा. आईवडील मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी. ते पहाटे अंधारात फडात गेले की धाकट्या भावाला सांभाळणे, पाणी आणणे आणि वाढ्यांच्या (उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या) मोळ्यांपाशी बसणे हे माझ्याकडे असे. पटावरचे नाव गावी आणि मी इकडे. येथील शाळेत कुणी बसवून घेतलेच, तर धडा कुठे पुढे गेलेला असे, कुठे मागे राहिलेला असे.

गावच्या शाळेतील बाई तांड्यावरच्या मुलांना सरावलेल्या होत्या. त्या मराठीच बोलत, पण आमचे गोरमाटी उत्तर त्यांना कळत असे आणि त्या ते धरून पुढे जात. येथे तसे कुणी नव्हते. मी गप्प बसे आणि ऊसतोडीच्या मुलांना काही येत नाही, असे सर्वांनी गृहीत धरले होते. म्हणून भाषा वेगळी आणि गरिबी वेगळी असे मला म्हणता येत नाही. उचल घेतली म्हणून गाव सुटले आणि गाव सुटले म्हणून माझे बोलणे समजणाऱ्या बाई सुटल्या.

पुढे गावात ऊसतोडीच्या काळात मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह सुरू झाले आणि मला आजीपाशी ठेवण्यात आले. सलग एकाच शाळेत बसू लागल्यावर माझे अक्षर, गणित, सगळेच सुधारले. धाकट्या बहिणीला मात्र आईवडिलांनी बरोबर नेले, कारण फडाकडेला तान्ह्याला कुणीतरी सांभाळायला हवे होते. तिचे शिक्षण राहून गेले ते राहूनच गेले.

पालक, करवीर तालुका

आमच्या घरी मराठीशिवाय दुसरी भाषा नाही, तरीही लिहितो. आमच्याकडे मुलीसुद्धा ‘मी येतो’, ‘मी जेवलो’ असेच बोलतात. माझ्या मुलीला शहरातील एका शाळेत यावरून वर्ग हसला, बाईंनीही हसून ‘येते म्हण’ असे सुधारले आणि त्यानंतर बरेच महिने ती वर्गात हात वर करीत नव्हती. प्रमाण मराठी शिकवायला हवी, यात वाद नाही. आधी उत्तर ऐकून घ्यावे आणि रूप नंतर दुरुस्त करावे, एवढीच अपेक्षा आहे.

स्वयंपाकाची कामे करणारी आई, कोल्हापूर (मुलाने लिहून दिले)

मी मोठ्या मुलाला कर्ज काढून इंग्रजी माध्यमात घातले, कारण ज्या घरांत मी कामाला जाते तेथील सर्व मुले त्याच माध्यमात आहेत. त्या घरांत आईवडील संध्याकाळी अभ्यास घेतात. आमच्याकडे वहीत काय लिहिले आहे तेच मला वाचता येत नाही, म्हणून शिकवणी लावावी लागली आणि शिकवणीच्या पैशांसाठी मी आणखी एक काम धरले. धाकटीला मराठी शाळेत घातले आहे. तिची वही मला वाचता येते.

जिल्हा परिषद शिक्षक, हातकणंगले तालुका

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील फाउंड्र्यांमध्ये काम करणाऱ्या कुटुंबांची मुले आमच्याकडे येतात. दाखलखारिज नोंदवहीत ‘मातृभाषा’ असा रकाना असतो आणि तेथे भोजपुरी किंवा मैथिली बोलणाऱ्या मुलापुढे सरसकट ‘हिंदी’ लिहिले जाते. मग त्याला हिंदी तरी येतेच, अशी समजूत करून घेऊन आपण मोकळे होतो. प्रवेशाच्या वेळी आईशी दोन मिनिटे बोलून खरी भाषा लिहिली, तर निदान त्या मुलाला त्याच भाषेच्या मोठ्या मुलाशेजारी बसवता येते.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात, शक्य तेथवर शिक्षणाचे माध्यम मुलाची मातृभाषा असावे, असे म्हटले आहे. पाच भाषांच्या एका वर्गात एका शिक्षकाकडून ते होणार नाही, हे मान्य केले पाहिजे. त्याच कायद्यातील इतर तरतुदी मात्र आमच्या हातातल्या आहेत आणि त्याच पाळल्या जात नाहीत : दुसऱ्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून किंवा वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि कधीच शाळेत न गेलेल्या मुलालाही वयानुरूप वर्गात बसवायचे असते. नोव्हेंबरात आलेल्या मुलाला ‘जूनमध्ये या’ असे सांगणाऱ्या शाळा मी पाहिल्या आहेत. जूनपर्यंत ते कुटुंब येथे नसते.

परिचारिका ताईंनी लिहिलेल्या टोळ्यांबाबत माझा अनुभव असा, की खोपी उभ्या राहिल्या की पहिल्या आठवड्यातच मुकादमाला गाठावे. कोणत्या कोयत्याबरोबर कोणत्या वयाची किती मुले आली आहेत हे त्याला तोंडपाठ असते, आणि आईवडील फडातून अंधार पडल्याशिवाय भेटत नाहीत.