क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवरून कोर्टाचं समन्स आलंय, सेटलमेंट करू की केस लढू?

टूलरूमवाला:
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण वाचा. चाकणला एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत होतो, तिथली लाइन बंद झाली आणि आम्हाला घरी बसवलं. बरेच महिने हाताला काम नव्हतं, भाडं, किराणा, पोरीची फी सगळं कार्डावर गेलं, आधी मिनिमम ड्यू तरी भरत होतो मग तेही जमेना. प्रत्यक्ष वापरलेले पैसे असतील १ लाख ६० हजारांच्या आसपास, बँक आता म्हणतेय ३ लाख १२ हजार. शेवटचं पेमेंट करून दोन वर्षं होत आली. आता नवीन नोकरी लागलीय, २६ हजार हातात येतात.

प्रॉब्लेम असा की एका महिन्यात तीन कागद आले. पहिला व्हॉट्सॲपवर पीडीएफ, वर तराजूचं चित्र, खाली लाल अक्षरात अटक वॉरंट आणि ४२० असं लिहिलंय. दुसरा पोस्टाने, लोकअदालतीची नोटीस, त्यात तारीख दिलीय. तिसरा परवा कोर्टाचा बेलीफ घरी घेऊन आला, मी ड्युटीवर होतो, बायकोने सही करून घेतला. शिवाजीनगर कोर्टाचा शिक्का आहे, जाडजूड गठ्ठा आहे आणि त्यावर ऑर्डर ३७ असं काहीतरी आहे.

वर एजंटचा रोज फोन, की सव्वा लाखात मिटवतो, ऑफर सोमवारपर्यंतच, आज दहा हजार टोकन टाका म्हणजे केस मागे घेतो. लातूरला वडिलांनाही फोन गेला, ते घाबरलेत. राहतं घर आईच्या नावावर आहे. जेल वगैरे होते का यात? आणि टोकन टाकू का?

बिनधास्त_बारामती:
काही होत नाही भाऊ. जेल वगैरे सगळ्या थापा. माझ्या मित्राने तीन वर्षं फोन उचलला नाही, सिम बदललं, विषय संपला. तीन वर्षांनी कर्ज आपोआप बाद होतं. तुमची दोन झालीच आहेत, अजून एक काढा.

दिवाणी_वकील:
बारामतीकर, प्लीज असं सांगत जाऊ नका, या सल्ल्यापायी माणसं एकतर्फा हुकूमनामा, म्हणजे त्यांचं न ऐकताच झालेला कोर्टाचा वसुलीचा आदेश, घेऊन माझ्याकडे येतात. मुदतीचा कायदा १९६३ नुसार अशा वसुलीला तीन वर्षं असतात हे बरोबर, पण ती बँकेने दावा दाखल करायची मुदत आहे. इथे दावा दोन वर्षांच्या आतच लागलाय. एकदा दाखल झाला की मग पाच वर्षं चालला तरी मुदतबाह्य होत नाही. तुमच्या मित्रावर बँकेने दावा टाकला नसेल, एवढंच.

टूलरूमवाले दादा, तुमच्या तीन कागदांची किंमत वेगवेगळी आहे. व्हॉट्सॲपवालं सोडून द्या. वॉरंट काढायचं काम कोर्टाचं आणि ते घेऊन येतात पोलीस, एजन्सीचा पोरगा नाही. कार्डाचं बिल थकलं एवढ्याने फसवणूक होत नाही, ती दिवाणी बाब आहे. फक्त ती पीडीएफ डिलीट करू नका, पुढे तक्रारीला उपयोगी पडते. लोकअदालतीची नोटीस खरी असू शकते, पण तिथे दोघांच्या मर्जीशिवाय काही होत नाही. नाही गेलात किंवा जमलं नाही तर शिक्षा नाही. मात्र तिथे सही केली तर तो निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच, त्यावर अपील नाही, म्हणून हप्ता झेपेल तेवढाच कबूल करायचा.

खरा कागद तिसरा. ऑर्डर ३७ म्हणजे समरी सूट, झटपट चालणारा वसुलीचा दावा. साध्या दाव्यात लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला उत्तर, द्यायला ३० दिवस मिळतात, कोर्ट वाढवून ९० पर्यंत देऊ शकतं. समरीत तसं नाही. समन्स मिळाल्यापासून १० दिवसांत कोर्टात हजेरी आणि पत्ता नोंदवावा लागतो, नाही नोंदवला तर बँकेला जवळजवळ सरळ हुकूमनामा मिळतो. बायकोने घेतलं तरी बजावणी झालीच, घरातल्या सज्ञान माणसाने घेतलेलं चालतं, त्यामुळे दिवस परवापासून मोजा. हजेरी लागली की बँक समन्स फॉर जजमेंट, म्हणजे निकाल मागणारं दुसरं समन्स, काढते, तिथून परत १० दिवसांत तुम्ही प्रतिज्ञापत्र देऊन बचावाची परवानगी मागायची. नुसतं 'नोकरी गेली' म्हणून परवानगी मिळत नाही, हिशोबावर बोट ठेवायला लागतं. जेवढं देणं तुम्हालाच मान्य आहे तेवढं कोर्टात भरा, अशी अटही कोर्ट घालू शकतं, तीही डोक्यात ठेवा.

गठ्ठ्यातला दावा नीट वाचा. स्टेटमेंटं जोडलीत का, व्याज कुठल्या महिन्यापासून कसं लावलंय ते बघा. कार्डाला महिना साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ४२ होतात, त्यावर पुन्हा १८ टक्के जीएसटी. पूर्वी राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा ३० टक्क्यांवरच्या व्याजाविरुद्ध निकाल होता, तो सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला, त्यामुळे 'व्याज जास्त आहे' एवढाच मुद्दा आता टिकत नाही. पण रिझर्व्ह बँकेचे कार्डाचे निर्देश आहेत, न भरलेले चार्जेस आणि टॅक्स मुद्दलात मिसळून त्यावर व्याज लावायचं नाही असं त्यात आहे. १ लाख ६० चे ३ लाख १२ कसे झाले ते या नजरेने तपासा.

जेलचं म्हणाल तर, पैसे असून मुद्दाम लपवले असं सिद्ध झालं तरच दिवाणी कैदेचा प्रश्न येतो, गरिबीपोटी नाही. हुकूमनामा झाला तर बँक दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, लावते, मग पगार किंवा खात्यावर जप्ती. पगारातले पहिले हजार आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग सोडून जे राहतं तेवढ्यालाच हात लावता येतो, पीएफ सुरक्षित असतो. आईचं घर आईचं आहे, तुमच्या कार्डाशी त्याचा संबंध नाही.

आधी_कलेक्शनमध्ये:
मी काही वर्षं या लाइनीत होते म्हणून आतली गोष्ट सांगते. 'सोमवारपर्यंतच ऑफर' हे वाक्य आम्हाला पाठ असायचं. सोमवार गेला की मंगळवारी नवीन ऑफर येते, आणि महिनाअखेरीला, त्यातही मार्चमध्ये, टार्गेटसाठी आकडा अजून खाली येतो. तरी सव्वा लाख म्हणजे मुद्दलापेक्षा कमी आहे, आकडा वाईट नाही. माझा आक्षेप त्या टोकनला आहे. दहा हजार भरलेत की ते सरळ थकबाकीत जमा होतात, दावा तसाच चालू राहतो, आणि एजंटला केस मागे घ्यायचा काडीचाही अधिकार नाही, तो बँकेच्या वकिलाचा विषय.

दादा, आधी लेटर घ्या मग पैसे. लेटर बँकेच्या अधिकृत मेल आयडीवरून, जीमेलवरून आलेलं चालणार नाही. त्यात कार्डाचे शेवटचे चार आकडे, एकूण रक्कम, हप्त्यांच्या तारखा, दाव्याचा नंबर, आणि 'एवढे भरल्यावर काही देणं उरत नाही व दावा मागे घेतला जाईल' हे वाक्य पाहिजे. पैसे फक्त बँकेच्या कार्ड खात्यात, कुणाच्या यूपीआयवर अजिबात नाही. काही बँका जुनी थकबाकी ॲसेट रिकन्स्ट्रक्शन कंपनीला विकून टाकतात, तसं असेल तर असाइनमेंटचं, म्हणजे थकबाकी विकल्याचं, पत्र मागा, नाहीतर एकाला भरायचे आणि दुसरा येऊन उभा राहायचा.

आणि सेटलमेंटच्या हप्त्यांसाठी पुढच्या तारखांचे चेक मागतील, तेव्हा शंभरदा विचार करा. आत्ता तुमचं प्रकरण निव्वळ दिवाणी आहे. चेक बाउन्स झाला की कलम १३८ लागतं, ते फौजदारी. ऑटो डेबिटचं मॅंडेट बाउन्स झालं तरी पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स ॲक्टचं कलम २५ आहे. खात्री नसेल तर एनईएफटीने भरतो म्हणा.

सिबिलवर, म्हणजे तुमच्या क्रेडिट रिपोर्टवर, 'सेटल्ड' पडेल, 'क्लोज्ड' नाही, पुढे होम लोनला त्रास होतो हे गृहीत धरा. मला विचाराल तर २६ हजार पगारात तीन लाख बारा फेडायला जाण्यापेक्षा तो शेरा परवडला. हां, आणि सॅलरी अकाउंट त्याच बँकेत असेल तर आजच बदला, लियन मारून, म्हणजे खात्यातली रक्कम रोखून, पगार अडकवतात.

सांगलीची_सून:
वडिलांना फोन करणाऱ्यांचं काय ते मी सांगते, आमच्या सासूबाईंना असाच त्रास दिला होता. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये परिपत्रक काढून सांगितलंय, सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन नाही, धमकी नाही, नातेवाइकांना त्रास नाही. कॉल रेकॉर्ड करा, तारीख-वेळ लिहून ठेवा, बँकेच्या तक्रार विभागाला मेल टाका. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा समाधान नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार, फुकट आहे, माहितीसाठी १४४४८. आम्ही मेलमध्ये परिपत्रकाचा उल्लेख केला आणि फोन थांबले. कर्ज मात्र जागच्या जागी होतं, ते वेगळं फेडलं.

नाशिकचा_पक्या:
मध्येच विचारतो, मला कोर्टाचं नाही, चेन्नईहून आर्बिट्रेशनची नोटीस आलीय, लवाद त्यांनीच नेमलाय. दुर्लक्ष करू का?

दिवाणी_वकील:
पक्या, दुर्लक्ष नको. एका बाजूनेच परस्पर लवाद नेमणं चालत नाही हे सुप्रीम कोर्टाने २०१९ साली पर्किन्स ईस्टमनच्या निकालात सांगितलंय. तेवढं लिहून, मला ही नेमणूक मान्य नाही म्हणून लवादाला आणि बँकेला ईमेल आणि स्पीड पोस्ट दोन्हीने पाठवा, पावती जपा. गप्प बसलात आणि निवाडा झाला तर आव्हान द्यायला तीन महिने, फार तर वर ३० दिवस. बाकी तुमचा वेगळा धागा काढा राव.

टूलरूमवाला:
सगळ्यांचे आभार. ई-कोर्ट्सच्या ॲपवर समन्सवरचा सीएनआर नंबर (केसचा ओळख क्रमांक) टाकून बघितला, दावा खरंच आहे, पुढची तारीखही दिसली. एजंटला म्हटलं लेटर मेल करा, तर म्हणे आधी टोकन. मी फोन ठेवला. सॅलरी अकाउंट दुसऱ्या बँकेत आहे, तेवढं नशीब. आता असं आहे की मेहुण्याकडून ४० हजार मिळतील, बाकी महिना सात-आठ हजारांनी फेडू शकतो. पण वकील परवडेल का माहीत नाही. आणि दावा चालू असताना सेटलमेंट करता येते का?

दिवाणी_वकील:
येते, उलट दावा चालू असताना केलेली जास्त पक्की. आधी १० दिवसांत हजेरी लावा, ती चुकवू नका. वकिलासाठी कोर्टाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, तिथे मोफत वकिलाचा अर्ज मिळतो, पुरुषांना उत्पन्नाची अट आहे, बायकांना नाही. पगाराची स्लिप घेऊन जा आणि विचारा.

मग बँकेच्या वकिलाशी बोलणी करा, एजंटशी नाही. जमलं की दोघांच्या सहीची तडजोड पुरशिस, म्हणजे लेखी निवेदन, कोर्टात दाखल होते, ४० हजार आत्ता आणि बाकीचे हप्ते अमुक तारखेला, असं त्यात येतं. प्रकरण लोकअदालतीत ठेवून मिटवलं तर बँकेला भरलेली कोर्ट फी परत मिळते, त्यामुळे त्यांचा वकीलही तयार असतो, हे बोलणी करताना वापरा. एक हप्ता चुकला तर सगळी ३ लाख १२ हजार एकदम देय, असं कलम ते घालायला बघतील. तिथे १५-२० दिवसांची सवलत मागून घ्या. आणि हप्ता सात हजारच लिहा, आठ नको.

आधी_कलेक्शनमध्ये:
शेवटचा हप्ता भरला की नो ड्यूज सर्टिफिकेट मागायचं. सिबिलवर ३०-४५ दिवसांनी बघा, थकबाकी शून्य दिसली नाही तर तक्रार टाका. ३० दिवसांत दुरुस्त केलं नाही तर त्यापुढे रोजचे १०० रुपये भरपाई द्यावी लागते त्यांना.

टूलरूमवाला:
उद्या सेकंड शिफ्ट आहे, सकाळी अकराला शिवाजीनगरला जातो. गठ्ठा आणि आधार कार्ड सोडून अजून काही लागतं का?

दिवाणी_वकील:
समन्सच्या पाकिटाची आणि पहिल्या पानाची झेरॉक्स, तीन पगार स्लिपा, पासपोर्ट साइज फोटो. अकरा नको, साडेदहाला पोचा.