मायक्रोफ्लुइडिक्सचे प्राध्यापक पुढे जीवशास्त्राकडे का वळतात?

प्रश्न (यंत्रविद्यार्थी): यांत्रिकी अभियांत्रिकीत पीएच.डी.साठी मायक्रोफ्लुइडिक्स (केसाएवढ्या बारीक वाहिन्यांतून द्रव खेळवण्याचे शास्त्र) घेण्याचा माझा विचार आहे. या क्षेत्रातील ज्येष्ठ प्राध्यापकांचे शोधनिबंध कालक्रमाने पाहिले, तर सुरुवातीला प्रवाह, झडपा आणि मिश्रण यांवर लिहिणारी मंडळी पुढे रक्ततपासणी, पेशी आणि औषधे यांवर लिहू लागलेली दिसतात. असे का होते? मूळ द्रवयांत्रिकी मागे पडते का?

उत्तर (प्रवाही): मला हे वळणे वाटतच नाही. रसायनशास्त्रज्ञ आंद्रेआस मान्त्स यांनी १९९० मध्ये या क्षेत्राची मूळ कल्पना मांडली, तेव्हाच नमुना घेण्यापासून मोजमापापर्यंतचे सारे रासायनिक विश्लेषण एका लहानशा उपकरणात व्हावे, हा हेतू होता. म्हणजे रक्ततपासणीवर लिहिणारा प्राध्यापक क्षेत्राच्या मूळ प्रश्नाकडेच येत असतो. मधली वर्षे साधने घडवण्यात जातात. तीही काही सोपी नसतात. १०० मायक्रोमीटर रुंदीच्या वाहिनीत पाणी सेकंदाला १ मिलिमीटर वेगाने वाहत असेल, तर रेनॉल्ड्स अंक (प्रवाहातील जडत्व आणि चिकटपणा यांचे गुणोत्तर) ०.१ च्या आसपास येतो, म्हणजे चिकटपणा वरचढ ठरतो. मग शेजारी सोडलेले दोन द्रव समांतर वाहत राहतात आणि केवळ विसरणाने (रेणूंच्या आपोआप पसरण्याने) हळूहळू मिसळतात. वाहिनीच्या तळाशी तिरप्या खाचा ठेवून प्रवाहाला पीळ देण्याचा उपाय २००२ मध्ये प्रसिद्ध झाला, तो निव्वळ द्रवयांत्रिकीचा होता.

उत्तर (साचेकार): वरील उत्तरात पदार्थांचा भाग राहिला. १९९८ मध्ये रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने पीडीएमएस या सिलिकोन रबराची पद्धत रूढ केली: साच्यावर ओतायचे, तापवून घट्ट करायचे, सोलून काढायचे आणि ऑक्सिजन प्लाझ्मा देऊन काचेवर कायमचे चिकटवायचे. काच किंवा सिलिकॉन कोरत बसण्याऐवजी नवा आराखडा दिवसाभरात हाती येऊ लागला आणि विद्यापीठांतील प्रयोगशाळांना हे काम परवडू लागले. मात्र हेच रबर पाण्यात न मिसळणारे लहान रेणू शोषून घेते, त्यामुळे पेशींपर्यंत पोहोचणारी औषधाची मात्रा आपण आत सोडलेल्या मात्रेहून कमी भरते. पेशींवर प्रयोग करू लागलेल्या अभियंत्याला अशा वेळी पुन्हा पदार्थ निवडायलाच बसावे लागते.

उत्तर (नमुनावाला): मार्गदर्शक निवडताना त्यांच्या चिपमध्ये (अशा वाहिन्यांच्या लहान उपकरणात) खरा नमुना जातो की शुद्ध बफरच (प्रयोगशाळेत बनवलेले स्वच्छ द्रावण), हे अवश्य विचारा. समजा, १ मिलिलिटर रक्तात १० जीवाणू आहेत आणि चिप १ मायक्रोलिटरच तपासते. तर शंभरपैकी सुमारे नव्याण्णव चिपांत एकही जीवाणू नसेल आणि संवेदक कितीही उत्तम असला तरी रुग्ण निरोगी ठरेल. हे टाळण्यासाठी मोठ्या घनफळातून जीवाणू वेगळे करून एकवटावे लागतात, आणि दाट, पेशींनी भरलेल्या रक्तातून ते वेगाने कसे करायचे, हा प्रश्न आजही प्रामुख्याने द्रवयांत्रिकीचाच आहे.