बाळसं की सूज? रग्बी लीगची ‘वाढलेली हजेरी’

प्रश्न : ऑस्ट्रेलियातल्या एनआरएल (नॅशनल रग्बी लीग) स्पर्धेवर मराठीत लिहितोय. ‘हजेरीत विक्रमी वाढ’ असा मथळा दिला होता. संपादकांनी ‘हजेरी’वर लाल रेघ मारली, बाकी तसंच ठेवलं. पर्याय सुचवा.

प्रतिसाद : हजेरी शाळेत नाहीतर मस्टरवर. ज्याला यावंच लागतं, त्याची हजेरी लागते. पदरचे पैसे मोजून आलेल्याची कसली हजेरी? ‘प्रेक्षकसंख्या’ लिहा. ‘उपस्थिती’ म्हटलं की मागोमाग ‘मान्यवर’ येतात.

प्रतिसाद : साधा ‘गर्दी’ का नको?

प्रतिसाद : गर्दी दिसते, संख्या मोजावी लागते. १९५४ साली इंग्लंडात ब्रॅडफर्डच्या ऑड्सल मैदानावर हॅलिफॅक्स आणि वॉरिंग्टन या रग्बी लीग संघांत चॅलेंज कप स्पर्धेचा पुन्हा खेळवलेला अंतिम सामना झाला. अधिकृत प्रेक्षकसंख्या एक लाख दोन हजारांच्या वर, गर्दी मात्र त्याहून बरीच मोठी होती असं मानतात. तिथे दोन्ही शब्द लागतील. उलटही घडतं : सीझन तिकीट घेतलेला माणूस त्या दिवशी घरी टीव्हीपुढे असतो. आकडा विकलेल्या तिकिटांचा असेल, तर सरळ ‘तिकीटविक्री’ लिहावं.

प्रतिसाद : लाल रेघ भलत्याच शब्दावर पडली म्हणायची. घोळ ‘वाढ’मध्ये आहे.

२०२२ मध्ये एनआरएलमध्ये १६ संघ होते, साखळीत १९२ सामने. २०२३ मध्ये डॉल्फिन्स हा नवा संघ आला, संघ १७ आणि सामने २०४. म्हणजे सामनेच सव्वासहा टक्क्यांनी वाढले. दर सामन्याला पूर्वीइतकीच माणसं आली, तरी एकूण बेरीज तेवढीच फुगणार. डॉल्फिन्सचा खेळ बघायला आलेली माणसं काही खोटी नव्हेत, पण ही ‘भर’ झाली. जुन्या संघांची लोकप्रियता वाढली का, हे त्यातून कळत नाही.

मग सरासरी घ्यावी, तर तीही फसवते. इंग्लंडच्या सुपर लीगमध्ये २०२५ साली लंडन ब्रॉन्कोजच्या जागी वेकफील्ड ट्रिनिटी आलं. समजा, बारा संघांतला तीन हजार प्रेक्षकांचा एक संघ गेला आणि आठ हजारांचा आला (हे आकडे माझे, हिशेबापुरते). सरासरी चारशेच्या वर चढते, आणि उरलेल्या अकरा मैदानांवर एकही नवा माणूस आलेला नसतो! याला मी ‘फुगवटा’ म्हणेन. आणि तुलना २०२० किंवा २०२१शी असेल, तर कोविडमुळे ओस पडलेली मैदानं पुन्हा भरली एवढंच. तिथे ‘पूर्वपदावर’ हा आपला जुना शब्द नेमका बसतो.

आपल्याकडे अशा वेळी विचारतात, हे बाळसं की सूज? बाळसं ओळखायचं तर तेच संघ, तीच मैदानं, घरच्या सामन्यांची संख्या तेवढीच ठेवून चार-पाच वर्षांचे आकडे शेजारी मांडावेत. सरासरीबरोबर मध्यकही (आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) बघावा, म्हणजे एखाद-दुसऱ्या मोठ्या सामन्याने सगळा हंगाम गुटगुटीत दिसणार नाही.

प्रतिसाद : लास वेगास विसरू नका. मार्च २०२४ मध्ये तिथे एका तिकिटावर एनआरएलचे दोन सामने झाले, प्रेक्षक ४०,७४६. तोच आकडा दोन्ही सामन्यांपुढे मांडून बेरीज केली, तर तीच माणसं दोनदा मोजली जातात.

प्रश्नकर्ता : आभार. ‘एकूण प्रेक्षकसंख्येत भर, सामनेही वाढले’ असं करतो. मथळा जरा लांबतोय. ‘विक्रमी’ राहू द्यावा ना?

प्रतिसाद : कशाचा विक्रम, ते लिहिलंत तर. एका सामन्याचा म्हणाल, तर १९९९ चा अंतिम सामना, सिडनीचं स्टेडियम ऑस्ट्रेलिया : १,०७,९९९. पुढे त्याच स्टेडियमची क्षमता त्र्याऐंशी हजारांच्या आसपास आणली. तेव्हा तिथे तो विक्रम मोडत नाही म्हणून खेळाला ‘उतरती कळा’ लागली, असंही कुणी लिहू नये.